माझीच आशा आटली असताना दुसऱ्याला धीर कसा देऊ?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही गैरसमजूत झाली असेल तर तुम्हाला दुरुस्त करता येईल. तुमचा धाकटा भाऊ जाऊन आठ महिने झाले. मंडळीत (चर्चमध्ये) आजाऱ्यांच्या भेटीचं काम गेली ११ वर्षं तुमच्याकडे आहे आणि ते तुम्ही थांबवलेलं नाही. दर आठवड्याला कुणाच्या तरी खाटेशेजारी बसता, शास्त्रातला (बायबलमधला) उतारा वाचता, प्रार्थना करता, ‘प्रभू तुम्हाला सोडणार नाही’ असं सांगता. बाहेर पडल्यावर मात्र मनात येतं की हे मी कुठल्या तोंडाने बोलले? एक आजी दर भेटीत तुम्हालाच विचारतात, “तू कशी आहेस गं?” तुम्ही दर वेळी “बरी आहे” म्हणता, आणि ते सगळ्यात जास्त टोचतं. ‘दुसऱ्याला जीवन देणं’ असं या कामाला म्हणता आणि आपण करतो ते ढोंग आहे असंही म्हणता. म्हणून तुम्ही विचारलंय की माझ्याकडेच आशा उरली नाही तर ती दुसऱ्याला कशी देऊ, आणि हे काम सोडून देऊ का?

मी २४ वर्षं हेच काम करते आहे. बरीचशी वर्षं अशा रुग्णांबरोबर, ज्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी आता बरं होणं नाही असं सांगितलेलं होतं. त्यामुळे जे सांगते आहे ते खाटेशेजारी बसून शिकलेलं आहे. इथे बसून मला तुमची झोप दिसत नाही, तुमचं जेवण दिसत नाही, घरात तुमच्याजवळ कोण आहे तेही दिसत नाही. उत्तर बरंचसं त्याच्यावर अवलंबून आहे, आणि तसं जिथे असेल तिथे मी सांगेन.

तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे असं मला वाटतं. आशा म्हणजे जणू घरातला साठा; आपलं मडकं भरलेलं असेल तरच दुसऱ्याला ओतून द्यायचं, आणि मडकं रिकामं असताना ओतायचा आव आणला तर ते ढोंग. ही समजूत अर्धीच खरी आहे. कोणती अर्धी, ते समजायला मला शास्त्रातली दोन माणसं नेहमी उपयोगी पडली आहेत. दोघंही रिकामी झालेली, आणि देव दोघांशी अगदी वेगळं वागला.

पहिला एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळाल्यानंतर ईजबेल राणीच्या एका धमकीने तो पळत सुटला, रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला (१ राजे १९). आपल्याकडे हा उतारा सांगताना सगळे घाईघाईने होरेब डोंगरावरच्या त्या मंद आवाजाशी पोचतात. पण त्याच्या आधी काय झालं ते बघा. एलीया झोपला. देवदूताने त्याला हलवून उठवलं आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन परत झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं, आणि कारण काय सांगितलं, तर पुढची वाट तुला झेपणारी नाही. उपदेश नाही, दटावणी नाही, ‘तुझा विश्वास कुठे गेला’ असा सवालही नाही. कामाचं बोलणं त्यानंतर ४० दिवसांनी झालं.

दुसरी ती विधवा, जी अलीशा संदेष्ट्याकडे आली होती (२ राजे ४). नवरा गेलेला, डोक्यावर कर्ज, सावकार दोन मुलांना गुलाम करायला निघालेला. घरात काय आहे असं विचारल्यावर ती म्हणते, तेलाच्या एका कुपीखेरीज काही नाही. तिला मात्र झोप असं सांगितलं नाही. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडकी आणू नकोस, दार लाव आणि ओतायला लाग. ती ओतत गेली तसं तेल येत गेलं, आणि भांडी संपली तेव्हा थांबलं. शेवटी अलीशा सांगतो की तेल विकून कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा. हा शेवटचा भाग आपण विसरतो. तिने ओतलं त्यातलं तिच्या घरालाही पुरायचं होतं.

तर तुमचा प्रश्न मी असा फिरवून विचारीन: आत्ता तुम्ही एलीया आहात की ती विधवा? एलीयाला ‘ओतत राहा’ म्हणणं क्रूरपणा आहे. आणि त्या विधवेला ‘आधी तुझी कुपी भरू दे, मग बघू’ म्हटलं असतं तर तिची मुलं गेली असती.

हे मी कसं ओळखते ते सांगते. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांनाही हेच विचारते. भेटीला जाताना जड वाटतं का, हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण दुःखात सगळंच जड वाटतं. मी विचारते की भेट सुरू असताना काय होतं? समोरच्याचं बोलणं ऐकताना पाच-दहा मिनिटं तरी तुम्ही खरोखर त्याच्याजवळ असता का? परत येताना दमलेल्या असलात तरी आत काहीतरी सैल झालेलं असतं का? तसं असेल तर तुम्ही त्या विधवेच्या रांगेत आहात. काम कमी करा, पण सोडू नका. उलट भेटीत तुमचं लक्षच लागत नसेल, माणसांचा राग येत असेल, त्यांच्या रडण्याने आत काहीच हलत नसेल, किंवा प्रत्येक खाटेवर भाऊच दिसत असेल, तर तुम्ही झुडपाखाली आहात. पाळकांना सांगून दोन-तीन महिन्यांची रजा घ्या. रजा म्हणजे विश्वासातून माघार नव्हे. माझं पाचवं वर्ष होतं तेव्हा मी घ्यायला हवी होती ती रजा घेतली नाही, आणि त्या काळात मी लोकांशी किती कोरडेपणाने वागले ते आठवलं की आजही लाज वाटते.

आणखी एक शक्यता आहे, आणि ती मी कधीच गाळत नाही. शोक आणि नैराश्याचा आजार एकमेकांसारखे दिसतात. शोक बहुधा लाटांसारखा येतो. मधे हसू येतं, भावाची एखादी गमतीची आठवण निघते. नैराश्यात सगळं सपाट होतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोजच मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, स्वतःबद्दल ‘मी कवडीमोल आहे’ असं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा, आणि आठ महिने झाले म्हणजे ‘होईल आपोआप’ असं म्हणत बसू नका. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आजच, आत्ताच, जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा. प्रार्थना करूनही बरं वाटत नाही म्हणून विश्वास कमी आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांचं ऐकू नका. प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, आणि पौलाने त्याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असाच केलेला आहे.

आता ढोंगाबद्दल. तुम्ही स्वतःसाठी हा शब्द वापरला आहे म्हणून थोडं थांबते. जे नाही ते आहे असं दाखवणं म्हणजे ढोंग. पण ‘मला आत्ता काही जाणवत नाही, तरीही मी यालाच धरून आहे’ ही दुसरी गोष्ट झाली. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या, आणि २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की अनेक दशकं त्यांना आत अंधारच जाणवत होता, देव गप्प असल्यासारखा वाटत होता. काहींनी तेव्हा त्यांना खोटं ठरवलं. मला ती पत्रं कळली तेव्हा उलट हायसं वाटलं. (मात्र यातून ‘अंधार असला तरी ढकलत राहायचं’ असा धडा काढू नका. एलीया लक्षात ठेवा.)

शास्त्रालाही हे नवीन नाही. स्तोत्र ८८ उघडा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे स्तुतीला वळतात. हे वळतच नाही, ते अंधारातच संपतं. तरीही कुणीतरी ते लिहिलं, लोकांनी ते उपासनेत म्हटलं, आणि ते काढून टाकावंसं कुणाला वाटलं नाही. बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाची रचनाही बघण्यासारखी आहे. पाच अध्याय; पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा प्रत्येकी २२ वचनांचा, आणि मधला तिसरा ६६ वचनांचा. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे आपण भिंतीवर लावतो ते वचन या तिसऱ्या अध्यायात आहे, पुस्तकाच्या बरोब्बर मध्यावर. त्यानंतर पुस्तक संपत नाही, रडणं पुन्हा सुरू होतं, आणि शेवटच्या ओळीत तर ‘तू आम्हांला कायमचं टाकलंस काय’ अशी धास्ती उरते. मला यातून एवढं समजलं की आशा एकदा बोलून झाली म्हणजे रडायचं संपलं, असा काही नियम नाही. तुम्ही सकाळी वचन वाचता आणि संध्याकाळी तेच पोकळ वाटतं, हे त्या पुस्तकाच्या चालीला धरूनच आहे.

पौलाने रोमकरांस पत्रात जो क्रम सांगितला आहे तोही असाच उलटा वाटतो: संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा. आशा शेवटी येते. आपण ती पहिल्या दिवशीच हवी म्हणून बसतो आणि आली नाही की स्वतःला दोष देतो. तुम्ही आत्ता बहुतेक ‘धीर’ या पायरीवर आहात. ती रुक्ष पायरी आहे. तिथे गाणं सुचत नाही, फक्त टिकून राहता येतं.

तुम्ही काम चालू ठेवायचं ठरवलंत असं धरून पुढचं सांगते. ‘दुसऱ्याला जीवन देणं’ हे तुमचे शब्द आहेत, आणि मला वाटतं अर्धं ओझं तिथेच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात येशूचा मित्र लाजर कबरेत चार दिवस झालेला होता. त्याला जिवंत कुणी केलं? येशूने. पण दोन कामं त्याने स्वतः केली नाहीत, जमलेल्या लोकांना सांगितली. आधी ‘धोंड काढा’. आणि लाजर हातपाय बांधलेले, तोंडाला रुमाल गुंडाळलेला असा बाहेर आल्यावर, ‘याला मोकळं करून जाऊ द्या’. आपलं काम एवढंच आहे. धोंड बाजूला सारायची आणि गुंडाळलेलं सोडवायचं. मधलं आपल्या हातचं नाही, आणि ते आपण केल्याचा आव आणतो तेव्हाच बोलणं खोटं वाटायला लागतं.

धोंड म्हणजे काय, हे मला एका परिचारिकेने शिकवलं. मी एका रुग्णाजवळ बसून मोठ्या भक्तिभावाने प्रार्थना करत होते आणि त्याचा चेहरा आकसत चाललेला. तिने येऊन त्याच्या पाठीखालची उशी नीट केली, वेदनाशामक औषधाची वेळ उलटून गेल्याचं बघितलं आणि ते दिलं. अर्ध्या तासाने तो माणूस माझ्याशी बोलायला लागला. मरणाऱ्या माणसांच्या आधुनिक सेवेचा पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि पुढे डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्यांचा आग्रह असा की दुखणं उफाळून येईपर्यंत थांबू नका, औषध घड्याळाप्रमाणे द्या. आणि त्यांचं दुसरं म्हणणं असं की शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचं दुखणं एकात एक गुंफलेलं असतं. तेव्हापासून प्रार्थनेआधी मी विचारते, “आत्ता कुठे दुखतंय?” बऱ्याचदा उत्तर शरीराचं असतं. कधीकधी ते “मुलगा तीन वर्षं बोलत नाही” असं असतं, आणि मग त्या मुलाला फोन लावून देणं हीच त्या दिवशीची धोंड असते.

लाजराच्या त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे माझं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं. मार्था आणि मरीया या त्याच्या दोघी बहिणी येशूला भेटल्यावर एकच वाक्य बोलतात: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेला तो उत्तर देतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे असं सांगतो. मरीयेला तो काहीच समजावत नाही. तो रडतो. तक्रार एकच, तरी दोघींना मिळालं ते वेगळं. आणि थोड्या वेळाने लाजर उठणार हे माहीत असूनही तो रडला. तुमचाही भाऊ गेला आहे, म्हणून हा उतारा तुमच्यापुढे ठेवताना मला संकोच होतो. तुमचा लाजर परत आला नाही. पण खाटेशेजारी बसताना मी नेहमी स्वतःला विचारते की समोर मार्था आहे की मरीया. मार्थेला प्रश्न असतात, तिच्याशी बोला, वचन उघडा, पुनरुत्थानावर तुमचा विश्वास का आहे ते सांगा. मरीयेपुढे पुस्तक मिटून ठेवा. ओळखण्याची माझी साधी खूण आहे: मी गप्प बसल्यावर माणूस काही विचारतो का. विचारलं तर मार्था.

बोलायची वेळ आली तर काय बोलायचं? यात मी एक मोठी चूक केलेली आहे. सेवेच्या दुसऱ्याच वर्षी एका बाईंना मी ठामपणे सांगितलं, “विश्वास ठेवा, तुमचे पती बरे होतील.” तीन दिवसांत ते गेले. अंत्यविधीला त्या माझ्याकडे बघायलाही तयार नव्हत्या. पुढे वर्षभराने भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “तुमच्या त्या एका वाक्यामुळे मी त्यांचा निरोप घेतला नाही. निरोप घेतला तर विश्वास कमी पडेल असं वाटलं.” तेव्हापासून देवाने जे वचन दिलेलं नाही ते मी त्याच्या नावावर देत नाही. बरं होण्यासाठी प्रार्थना करते, मनापासून करते, मोठ्याने करते. पण ‘बरे होणारच’ म्हणत नाही. ‘काहीही झालं तरी तुम्ही त्याच्या हातातून सुटणार नाही’ एवढंच म्हणते, आणि हे मी स्वतः कोरडी असतानाही म्हणू शकते, कारण ते माझ्या मनःस्थितीवर टेकलेलं नाही. ‘देवाची काहीतरी योजना असेल’, ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’ ही वाक्यं कृपा करून टाळा. तुम्हालाही या आठ महिन्यांत कुणीतरी ती ऐकवली असतीलच.

जाता जाता: आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही, हे आपल्या लोकांच्या लक्षात राहत नाही. येशूचा शिष्य पेत्र आपल्या आशेचं उत्तर द्यायला तयार राहा असं सांगतो, पण विचारणाऱ्याला, आणि तेही सौम्यतेने आणि आदराने. जो दुसऱ्या धर्माचा आहे किंवा कुठलाच मानत नाही, त्याच्या खाटेशी मी परवानगीशिवाय प्रार्थनाही करत नाही. पाणी हवंय का, हे विचारायला परवानगी लागत नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात: थांबायचं की नाही हे तुम्ही एलीया आणि ती विधवा या दोघांपैकी कोण आहात यावर ठरवा, आजाराची शंका असेल तर डॉक्टर आधी, आणि चालू ठेवलंत तर जीवन देण्याचा भार खाली ठेवून फक्त धोंड आणि गुंडाळलेली वस्त्रं एवढंच बघा.

राहिलं एक. कफर्णहूमात त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उकलून खाली सोडलं, आणि मार्क लिहितो की येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला. त्यांचा. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथे अवाक्षर नाही. ११ वर्षं तुम्ही खाट उचलणाऱ्यांत होता. आत्ता काही काळ खाटेवर असण्याची पाळी तुमची आहे, आणि मला शंका आहे की हे तुम्ही मंडळीत कुणालाच सांगितलेलं नाही. चौघांची गरज नाही, दोघं पुरतील. ज्यांना उपदेश करायची फार हौस नाही अशी दोन माणसं निवडा. त्यांना सांगा की मला सध्या प्रार्थना करता येत नाही, तुम्ही माझ्या जागी करा. उपासनेत गाणं गळ्यात अडकलं तर गाऊ नका, नुसत्या उभ्या राहा. बाकीचे गातात ते तेवढा वेळ तुमच्यासाठीही चालतं. आणि पुढचे काही महिने भेटीला एकट्या जाऊ नका. येशूनेही शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवलं होतं.

त्या आजी या आठवड्यातही “तू कशी आहेस गं?” असं विचारतील. या वेळी “बरी आहे” म्हणू नका. सगळं सांगायची गरज नाही, आपलं दुःख त्यांच्या अंगावर टाकायचं नाही. “आजी, भाऊ गेल्यापासून बरं नाही” एवढं पुरे. ज्या बाई पडल्या जागेवरून दर वेळी तुमची चौकशी करतात, त्यांना बहुतेक आधीच कळलेलं आहे. त्यांना हात जोडता येत असतील तर त्या दिवशीची प्रार्थना त्यांना करू द्या, आणि तुम्ही डोळे मिटून बसा.